चांगला हात कुठला?

बरेच दिवसांनी लिहितेय. कारण नेहमीचंच, पीएचडी. यंदा काहीही करून प्रबंध सादर करायचाच असं गाइडबाईंनी बजावलंय आणि घरच्यांनीही "अजून चालूच आहे का गं?" हा प्रश्न विचारणं सोडून दिलंय. हे जास्त धोक्याचं असतं.

सध्या दुसरं प्रकरण चालू आहे, 'विषयाची पार्श्वभूमी'. माझा विषय सोप्या भाषेत सांगते (आत्या, हे खास तुझ्यासाठी). पॅरालिसिसचा झटका येऊन हात लुळा पडलेल्या माणसाला घरच्या घरी व्यायाम करता यावा आणि तो किती करतोय हे मोबाइलवर दिसावं, म्हणून अंगावर घालायचं एक साधन बनवायचं. सुरुवातीला ते साधन म्हणजे एक हातमोजा होता. त्या मोज्याचं पुढे काय झालं ते येईलच.

या विषयावरचे प्रबंध उघडले तर पार्श्वभूमी बहुतेक अमेरिकेतल्या एमआयटीपासून सुरू होते. मीही तशीच सुरू केली होती. चार पानं लिहिली, वाचली, आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, माझ्यापुरती या विषयाची सुरुवात वालीवच्या एका गाळ्यात झाली होती.

वालीव माहीत नसलेल्यांसाठी. वसई म्हटलं की लोकांना किल्ला, केळीच्या बागा, चर्च आठवतात. ते सगळं पश्चिमेला. स्टेशनच्या पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने गोखिवऱ्याच्या पुढे गेलात की वालीव लागतं. मागे तुंगारेश्वरचे डोंगर, पलीकडे हायवे आणि मधे नुसते गाळे. पत्र्याच्या छपरांचे, एकाला एक लागून. कुठे प्लास्टिकचं मोल्डिंग, कुठे खोकी, कुठे पत्र्याचे पार्ट. आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा ठाणे जिल्हा होता, महानगरपालिका २००९ ला झाली आणि पालघर जिल्हा २०१४ ला. लहानपणी दुपारी झोपताना कानावर यायचा तो आवाज पॉवर प्रेसचा. धप्... धप्... धप्. तो थांबला की आम्ही जागे व्हायचो.

त्याच प्रेसवर १९९६ साली माझ्या धाकट्या काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

तेव्हाच्या जुन्या प्रेसचं गणित असं होतं. बाजूला मोठं चाक सतत फिरत असतं. पायाचं पेडल दाबलं की चाक आणि आतला दांडा जोडला जातो आणि वरचा डाय खाली येतो. एकदा निघालेला डाय मधे थांबत नाही, पूर्ण फेरी करूनच वर जातो. पत्रा सरळ करायला हात आत गेला आणि पाय चुकून पेडलवर पडला, की संपलं. यावर उपायही जुनाच आहे. पेडल काढायचं आणि दोन हातांनी दाबायची दोन बटणं लावायची. दोन्ही हात बटणांवर असतील तर डायखाली जाणार कसे? पण त्याने काम थोडं हळू होतं, आणि गाळ्यात नगावर पैसे मिळतात. त्या गाळ्याचं नाव इथे लिहीत नाही. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडी रोख दिली आणि प्रकरण मिटलं. काकांचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नव्हतं.

त्या वेळी ओळखीच्या एका वकिलांनी घरी बसून एक तक्ता वाचून दाखवला होता. मी सहावीत होते, दारामागून ऐकत होते. प्रकरणासाठी म्हणून तो तक्ता मी आता पुन्हा शोधून काढला. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, नंतर दुरुस्त्या होत गेलेला. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या शरीराची टक्केवारी दिलेली होती. अंगठा ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. बोटाचं एकच पेर गेलं तर तर्जनीचे ९. बोटं उजव्या हाताची की डाव्या, याने फरक पडत नव्हता. आणि १४ नि १२ मिळून २६ होतात, पण 'एका हाताची दोन बोटं' अशी वेगळी ओळ होती, तिथे २० लिहिले होते!

मला या तक्त्यावर हसायचं नाहीये. १९२३ साली मजुराच्या बोटाला काही किंमत आहे असं कागदावर येणं हीच मोठी गोष्ट होती. त्याआधी तेही नव्हतं. पण तो कायदा फक्त 'काय गेलं' ते मोजत होता. 'उरलं त्याचं काय करायचं' हा प्रश्न वेगळा, आणि त्याचा इतिहासही वेगळा.

तो इतिहास आपल्याकडे बराचसा सैनिकांमुळे सुरू झाला. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले हिंदी सैनिक परतायला लागले तेव्हा १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. नुसती शुश्रूषा न करता त्यांना एखादा धंदा शिकवायचा, ही त्यामागची कल्पना. ती संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. सिनेमा निघाल्यावर त्यांचं नाव सगळ्यांना कळलं, पण व्यायाम आणि जगणं यांच्यातली रेघ किती पुसट असते हे मला त्यांच्यावरून आधी कळलं होतं.

दुसरी वाट लहान मुलांमुळे पडली. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्यांना बरीच वणवण करावी लागली. आपल्या मुलीसाठी इतकं करावं लागतं तर बाकीच्यांचं काय, म्हणून त्यांनी १९४७ ला मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. पुढे १९५५ ला हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने. महालक्ष्मीला उतरून तिथे जाणारे कुबड्या घेतलेले लोक पश्चिम रेल्वेने जाणाऱ्या कोणीही पाहिले असतील.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राबाहेरची, पण तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. जयपूर फूट. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा असायचा, आणि घोट्यात वाकायचा नाही. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात उभा राहतो. तो पाय घरी नेऊन कोपऱ्यात ठेवायचा. डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन आणि रामचंद्र शर्मा हे हस्तकलेचे कारागीर. या दोघांनी १९६८ च्या सुमारास रबराचा, अनवाणी वापरायचा, घोट्यात वळणारा पाय तयार केला. मुंबईच्या सुधा चंद्रन त्याच पायावर नाचल्या. सेठींचं ज्ञान मोठं होतंच, पण माणूस घरी गेल्यावर कसा बसतो हा प्रश्न विचारला गेला म्हणून तो पाय चालला असं मला वाटतं.

आता येते एमआयटी. (गाइडबाई वाचत असतील तर हुश्श म्हणतील.) १९८९ च्या सुमारास तिथे नेव्हिल होगन यांच्या प्रयोगशाळेत 'एमआयटी मॅनस' नावाच्या यंत्रमानवाचं काम सुरू झालं. टेबलावर यंत्राचा एक हात, रुग्णाचा लुळा हात त्याला बांधायचा, समोर पडद्यावर ठिपके. ठिपक्याकडे हात न्यायचा. जमलं नाही तर यंत्र हळूच मदत करतं, भलतीकडे गेला तर हळूच वळवून आणतं. हर्मानो इगो क्रेब्स यांनी यावर १९९७ ला पीएचडी केली. आमच्या क्षेत्रातले निम्मे प्रबंध त्या प्रबंधाची नातवंडं आहेत, माझाही.

मग यंत्राने माणसं जास्त बरी झाली का? अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१० ला आला. फिजिओथेरपिस्टने तितक्याच वेळा हात हलवून घेतला तर यंत्राइतकाच फायदा होतो. २०१९ ला ब्रिटनमधली ७७० जणांची चाचणी आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्राने हाताचं काम विशेष सुधारलं नाही. मेहनत पाण्यात गेली असं मी म्हणणार नाही, कारण यातूनच एक गोष्ट ठळक झाली. जादू यंत्रात नाही. हात किती वेळा, कशासाठी हलवला, यावर बरंच अवलंबून आहे. आणि २००९ साली अमेरिकेतच काही संशोधकांनी उपचारांच्या वेळी शेजारी बसून नुसतं मोजलं, तर एका बैठकीत लुळा हात कामाच्या हालचाली करत होता सरासरी ३२ वेळा. फक्त बत्तीस! मेंदूला नवी वाट पाडायला हे फार कमी आहे.

म्हणजे उरलेला दिवस घरी काय होतं, हा खरा प्रश्न. म्हणून आमची पिढी घराकडे वळली. २०१० ला मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट कॅमेरा आला, खेळासाठी बनवलेला, पण त्यावर व्यायामाचे किती प्रबंध झाले त्याला गणती नाही. २०१७ ला कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं आणि त्यावर उभी असलेली सगळी कामं अधांतरी! आपल्याकडे २०१४ ला आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र सुरू झालं, डॉक्टर आणि इंजिनियर एका टेबलाशी बसू लागले. मी २०१८ ला नोकरी सांभाळून पीएचडीला नाव घातलं ते याच वाऱ्यात.

आता काकांकडे परत येते.

१९९६ नंतर काका प्रेसवर गेले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी आणि काकूने वालीवलाच गाळ्यांच्या तोंडाशी चहाची टपरी टाकली. अपघातानंतर रुग्णालयातून हातात दाबायची एक स्प्रिंग दिली होती, ती माळ्यावर गेली. मुंबईला खेपा घालायच्या म्हणजे एक दिवसाची रोजी बुडणार, त्यामुळे त्या खेपाही थांबल्या. काका डावखुरे झाले. चहा गाळणं, सुट्टे देणं, नोटा मोजणं, सगळं डाव्या हाताने. उजवा हात खिशात. फोटोतही खिशातच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना झटका आला. डावी बाजू गेली.

तेवीस वर्षं सांभाळलेला हात गेला आणि खिशातला हात बाहेर काढायची वेळ आली. काका रडले नाहीत, पण टपरीवर जायचं बंद केलं.

माझा मोजा तेव्हा नुकताच तयार झाला होता. पाच बोटांत पाच सेन्सर, मनगटावर छोटी बॅटरी, ब्लूटूथने मोबाइलला जोडलेला. पहिला खरा रुग्ण घरचाच. डिसेंबरात एका रविवारी मी ऐटीत सगळं घेऊन काकांकडे गेले. ॲप उघडलं. पहिल्या पानावर मीच लिहिलेली सूचना होती : 'प्रथम चांगल्या हाताची मापं घ्या.' त्यात माझं वेगळं असं काही नव्हतं. झटका एकाच बाजूला येतो, दुसरा हात शाबूत असतो, त्याच्या मापाने लुळ्या हाताची प्रगती मोजायची, अशी रीतच आहे.

काकांनी ते मोठ्याने वाचलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. एक लुळा, एक तीन बोटांचा.

"बाय," ते म्हणाले, "चांगला हात कुठला ते आधी तू ठरव. मग मी मोजा घालतो."

आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. काकूही हसली. मी पण हसले, पण घरी येताना रिक्षात मला काही सुचेना. तरीही मी तो मोजा त्यांच्या उजव्या हातात घालून पाहिला होता, खोटं कशाला बोलू. दोन रिकामी बोटं लोंबत होती आणि ॲप सांगत होतं, 'व्यायाम अपूर्ण. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' हे वाक्यही माझंच. पुढच्या खेपेला गेले तर मोजा बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर, त्या स्प्रिंगच्या शेजारी.

१९२३ च्या तक्त्यावर मी वर इतकं बोलले. पण माझं ॲप तरी काय करत होतं? तक्ता निदान बोट नाही हे मान्य करत होता!

मग मार्च २०२०. लोकल बंद, सगळं बंद. २५ मार्चला दूरवरून तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांसाठी सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या आणि जो तो व्हिडिओवर आला. काकांच्या फिजिओथेरपिस्ट ताईही आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर दिसू लागल्या. चुलतभावाने मोबाइल धरायचा. पहिल्याच वेळी त्या म्हणाल्या, "जरा स्वयंपाकघर दाखवा." त्यांना मागे काकू दिसली, पुढ्यात भिजवून मोड आणलेले वाल घेऊन बसलेली. बिरड्यासाठी.

"काकांना सोलायला द्या," ताई म्हणाल्या. "डाव्या हाताने वाल धरायचा, उजव्याच्या अंगठ्याने आणि अनामिकेने दाबायचा."

पहिल्या दिवशी वाल घरभर उडाले. काकूने दहा मिनिटांत भांडं ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. महिनाभराने काका अर्धी वाटी सोलू लागले. जूनमध्ये मी त्यांना व्हिडिओवर बघता बघता, सवयीने, मोजायला बसले. एका वाटीत तीनशेच्या वर वाल निघाले. प्रत्येक वालाला एक चिमटा. तीनशे वेळा, आणि शेवटी बिरडं! बत्तीसची गोष्ट तुम्ही वर वाचलीच आहे.

वाल सोलल्याने झटका बरा होतो असा अर्थ कृपया कोणी काढू नका. काकांचा डावा हात आजही पूर्ण उघडत नाही. औषधं होती, ताई होत्या, नशीबही होतं. पण मोज्याने जे झालं नाही ते एका वाटीने का झालं, हा प्रश्न मला सोडेना. त्या कामात कुठला हात चांगला हे आधी ठरवावं लागत नव्हतं. जो जेवढा उरला आहे तेवढा लागत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच अपंगत्वाची नवी मांडणी केली होती. नुसतं काय बिघडलंय ते बघू नका, माणूस काय करू शकतो, कशात भाग घेऊ शकतो आणि घरदार-रस्ता त्याला मदत करतात की आडवे येतात, तेही बघा. मी ती पहिल्या वर्षी वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. कळली २०२० ला.

मग मी मोजा सोडला. दोन वर्षांचं काम होतं, गाइडबाईंना पटवायला तीन महिने गेले. आता दोन्ही मनगटांना घड्याळासारखे पट्टे आहेत. बोटं किती आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दिवसभरात कुठला हात किती हलला, दोन्ही मिळून किती हलले, एवढंच ते नोंदवतात. आणि ॲपच्या पहिल्या पानावर आता एकच प्रश्न आहे : 'तुम्हाला काय करता यायला हवंय?'

काकांनी उत्तर दिलं होतं, "नोटा मोजायच्यात."

ते आता सकाळी दोन तास टपरीवर गल्ल्याशी बसतात. चहा चुलतभाऊ करतो. नोटांची गड्डी डाव्या मुठीत अडकवायची आणि उजव्या अंगठ्याने एकेक सरकवायची, अशी त्यांची पद्धत. हळू होतं, गिऱ्हाईक घाईत असेल तर कुरकुरतं. एकदा एकजण म्हणाला, "काका, द्या, मी मोजतो." काकांनी गड्डी दिली नाही.

तर दुसरं प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलंय. एमआयटी आहे, पण पाचव्या पानावर. पहिल्या पानावर प्रेस, तक्ता आणि हाजी अली. गाइडबाईंनी समासात पेन्सिलने लिहिलंय, 'वालीव इथे आवश्यक आहे का?' उद्या त्यांच्याशी बोलायचंय. "हो" म्हणणार आहे. का ते नीट सांगता यावं म्हणून आधी इथे लिहून बघितलं.

खूप लांबलं, असो. आत्या, काकांचा मोजा अजून माळ्यावरच आहे. दिवाळीची साफसफाई करताना फेकू नका, प्रबंधाला त्याचा फोटो हवाय.